नामिबियात शिकारीच्या फार्मवर दोन महिने: माझा अनुभव

मागच्या जून-जुलैमध्ये मी नामिबियात एका हंटिंग सफारीवाल्यांकडे, म्हणजे पैसे घेऊन पाहुण्यांना शिकारीला नेणाऱ्यांकडे, इंटर्न होते, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की तिथे नक्की काय करायचीस, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी टेक्सासला वाइल्डलाइफ मॅनेजमेंटचं मास्टर्स करतेय, उन्हाळ्याच्या सुट्टीत फील्डवर काम करायचंच होतं, तीसेक ठिकाणी मेल टाकले आणि उत्तरं आली दोन. पगार नाही, राहणं-जेवण त्यांच्याकडे, विमानाचं तिकीट माझं मी काढलं. सांगलीला फोन केला तर आई म्हणाली, "जनावरं मारायला शिकायला चाललीस का गं?" तेव्हा मला तिला नीट काही सांगता आलं नाही.

फार्म ओटजिवारोंगोच्या बाजूला, विंडहुकपासून उत्तरेला अडीचशे किलोमीटर तरी असेल. म्हणायला समर इंटर्नशिप पण तिकडे तेव्हा ऐन हिवाळा, पहाटे उघड्या बक्कीच्या मागे उभं राहिलं की बोटं वाकायची नाहीत. पिकअपला तिकडे बक्की म्हणतात.

पहिले पंधरा दिवस मी शिकार बघितलीच नाही. माझं काम शेडमध्ये, जिथे कातडी सोलतात. डोकं भिंतीवर लावायचं असेल तर खांद्याच्या मागून कातडं कापून पुढे सोलत आणतात, मग कान आतून उलटे करायचे, म्हणजे कूर्चा आणि कातडं यांच्यामध्ये बोथट काठी हळूहळू सरकवत टोकापर्यंत न्यायची, ओठ आतून चिरायचे, आणि मग मीठ. एका कातड्याला किती मीठ लागतं ते बघून मी चाटच पडले. कानाच्या टोकाला किंवा ओठाच्या घडीत मीठ पोचलं नाही तर तिथले केस गळतात आणि नंतर काही करता येत नाही. सुकवायचं सावलीत, उन्हात नाही. मांस सगळं वापरतात, काही फार्मवरच्या घरांमध्ये जातं, काहीचं बिल्टाँग करतात, म्हणजे व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भाजून भरडलेले धने चोळून मांसाच्या पट्ट्या टांगून वाळवायच्या. पहिल्या दिवशी शेडमध्ये धन्यांचा वास आला आणि मला एकदम घरचा मसाला आठवला.

मग मला जनावरांचा माग काढणाऱ्या एका गृहस्थांबरोबर पाठवलं. ते उत्तरेकडचे, साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना टाटे म्हणायचे, तिकडच्या ओशिवाम्बो भाषेत टाटे म्हणजे वडील, मोठ्या माणसाला असंच हाक मारतात. दुपारी ते महांगूच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं खायचे, मी एक घास खाल्ला आणि म्हटलं अहो ही तर बाजरी! महांगू म्हणजे बाजरीच. त्यानंतर आमचं जमलं. टाटे बोलायचे कमी. कापडाच्या छोट्या पुरचुंडीत राख ठेवायचे, दर थोड्या वेळाने ती झटकून राख कुठे उडते ते बघायचे, वारा आपल्याकडून जनावराकडे जात असेल तर लगेच वळसा घालून दुसरीकडून. मला शिकवलं की ताज्या खुराची कड धारदार असते, जुन्याची ढासळते, आणि त्यावरून रात्रीचा किडा चालून गेलेला दिसला तर ठसा कालचा समजायचा.

आता ती गोष्ट, जी मला अजून त्रास देते. जर्मनीहून आलेले एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना ओरिक्स, म्हणजे लांब सरळ शिंगांचं मोठं हरणासारखं जनावर, हवा होता. रायफल आल्या दिवशीच शंभर मीटरवर तपासलेली, ओरिक्ससाठी गोळीत कमीत कमी २७०० ज्यूल ऊर्जा लागते असा तिथला कायदा, तेही बरोबर होतं. तीन काठ्यांच्या टेकूवर रायफल टेकवून त्यांनी गोळी मारली, दुर्बीण माझ्याकडे होती, गोळी कुठे लागली ते सांगायचं माझं काम, आणि मी घाईघाईत सांगितलं खांद्याला लागली. तिथे जाऊन बघितलं तर रक्त काळपट आणि त्यात हिरवट कण. म्हणजे पोटात लागली होती. फुप्फुसातलं रक्त लालभडक आणि फेसाळ असतं, हे मी वाचलं होतं. माझं ऐकून आम्ही लगेच पाठलाग केला नसता तर ते जनावर जवळच बसलं असतं, पण आम्ही त्याला उठवलं आणि ते लांब गेलं. तेवढ्यात अंधार पडला, रात्री शिकारीला बंदी आहे. टाटेंनी शेवटच्या रक्ताच्या थेंबाशी फांदीवर कागदाचा तुकडा अडकवला आणि आम्ही परत आलो. मी रात्रभर झोपले नाही.

सकाळी मला त्या कागदापाशी उभं केलं, टाटेंनी पुढचा थेंब शोधला की मी तिथे जायचं, मगच ते पुढे. असं जवळजवळ तीन तास. ओरिक्स एका काटेरी झुडपात बसला होता, जिवंत, मान वर. एक गोळी आणि संपलं. मागचं बरंचसं मांस फेकावं लागलं. टाटे मला काही बोलले नाहीत, फक्त हिरवट कण लागलेलं एक पान माझ्या हातावर ठेवलं, नीट बघ म्हणून.

लोक विचारतात तुझं मत काय. तिथे १९७५ च्या कायद्याने शेतमालकांना ओरिक्स, कुडू अशा जनावरांवर हक्क मिळाला, १९९६ मध्ये सामुदायिक जमिनींवरच्या गावांना मिळाला, जनावरातून पैसा यायला लागल्यावर लोक ती राखायला लागले, हे मला पटतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार थांबवली ते मात्र तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं, आपली जमीन, आपली गर्दी वेगळी आहे.

कोणाला जायचं असेल तर जाड जॅकेट घ्या, काटे आरपार जाणार नाहीत असे बूट घ्या. आणि मेलमध्ये राहण्या-खाण्याच्या आधी हे विचारा की जखमी जनावर सापडलं नाही तर दुसऱ्या दिवशी कोण जातं आणि किती वेळ शोधतं. याचं उत्तर द्यायला जे टाळाटाळ करतील त्यांच्याकडे जाऊ नका.