हरणीसकट राहायची सोय

‘कोंबड्यांच्या मागं लागते का ती?’

वाईजवळच्या एका शेतघराच्या काकूंनी फोनवर पहिला प्रश्न हा विचारला. आमच्या कुत्रीला, हरणीला, सोबत घेऊन राहायला जागा हवी होती, त्यासाठी त्याआधी मी सात ठिकाणी फोन केले होते. कुणी हरणीचं वजन विचारलं, कुणी जात विचारली, कुणी आधी पैसे भरा म्हणालं. ती वागते कशी, हे विचारणाऱ्या या काकू पहिल्याच. मी खरं ते सांगितलं, ‘लागते हो काकू. कारवानी आहे, शिकारी जातीची. पळतं काही दिसलं की तिला राहवत नाही.’

‘मग तुम्ही असाल तेवढे दिवस सकाळी तुम्ही फिरायला गेलात की कोंबड्या सोडते. तुम्ही यायच्या आत खुराड्यात घालते. काय अडचण नाही.’

त्याच फोनवर मी तीन रात्रींसाठी खोली ठरवून टाकली.

हरणी साडेपाच वर्षांची आहे. मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्याकडून आणली, तेव्हा दोन तळहातांत मावत होती. आता उभी राहिली की तिची पाठ माझ्या मांडीला लागते. पाय लांब, पोट आत गेलेलं, कातडी इतकी पातळ की उन्हात कानातल्या शिरा दिसतात. ही जात धावायला जन्मलेली, आणि आम्ही राहतो सोलापुरात. मार्च लागला की ऊन चढल्यावर तिला डांबरावर नेता येत नाही. हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघायची. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. त्यामुळं उन्हाळाभर आमचं चालणं म्हणजे पहाटे पाच वाजता कंबर तलावापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. खरं भरपूर चालायचे महिने लागतात ते पावसाळा सरताना. त्या दिवसांत चार दिवस तरी तिला डोंगरात न्यायचं, हे आमचं गेल्या तीन वर्षांचं ठरलेलं आहे.

पहिल्या वर्षी जागा चुकली. सह्याद्रीतलंच एक रिसॉर्ट होतं, जाहिरातीत ‘पेट फ्रेंडली’ लिहिलेलं, कुत्र्याचे दिवसाला पाचशे रुपये वेगळे. खोली दुसऱ्या मजल्यावर, फरशी आरशासारखी गुळगुळीत. हरणीचे पाय चारी बाजूंना सरकायचे. दारातून पलंगापर्यंत जायलाही ती घाबरायची, भिंतीला अंग घासत जायची. रात्री दहाला मॅनेजर आले. शेजारच्या पाहुण्यांची तक्रार आहे, कुत्रं जनरेटरच्या शेडमध्ये बांधा म्हणाले. ती भुंकलीही नव्हती. बाहेर पाऊस, आत जनरेटरचा आवाज. आम्ही तिला बांधलं नाही. हे आणि मी आळीपाळीनं तिच्यासोबत गाडीत बसून रात्र काढली. सकाळी निघालो, तर उरलेल्या रात्रीचे पैसेही परत मिळाले नाहीत. पैशांचं मला फारसं वाटलं नाही. आपल्या घरच्या जिवाला रात्री दाराबाहेर काढायला सांगितलं, ते मात्र अजून आठवतं.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की ‘चालतं’ आणि ‘या, घेऊन या’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालतं म्हणणाऱ्याला तुमच्याकडून फक्त पैसे हवे असतात. घेऊन या म्हणणारा माणूस उलट प्रश्न विचारतो. रात्री एकटी राहते का, दुसऱ्या कुत्र्याशी जमतं का, जेवायला काय लागतं? कारण तिच्या येण्यानं त्याच्या घरात काय बदलणार आहे, याचा विचार त्यानं तेव्हाच सुरू केलेला असतो. मी आता फोनवर मुद्दाम थोडी थांबते आणि समोरचा काही विचारतो का ते बघते.

यंदाच एकानं फोटो मागवला आणि उत्तर पाठवलं, ‘हे तर गावठी आहे, आम्ही फक्त ब्रीड घेतो.’ हरणीच्याच रक्ताचा मुधोळ कुत्रा 2005 साली भारतीय टपाल खात्यानं तिकिटावर छापला होता, हे मी त्यांना कळवलं. पण नंतर वाटलं, कळवायची गरज नव्हती. ती खरंच गावठी असती तरी काय बिघडलं असतं? गावठी कुत्र्याइतकं काटक आणि शहाणं जनावर डोंगरात दुसरं नाही. जात बघून दार उघडणाऱ्याकडे मला हरणीला न्यायचंच नाही.

जागा शोधायची माझी रीत आता उलटी झाली आहे. आधी वाट शोधते, मग घर. नकाशाच्या उपग्रह चित्रात बघते, की फाटकाबाहेर पडलं की थेट पायवाट, बांध किंवा पाण्याकडे जाणारा कच्चा रस्ता मिळतो का. रोज फिरायला जायचं म्हणून परत गाडीत बसायचं असेल तर ती जागा मी सोडून देते. गाडीत बसून आलेल्या कुत्र्याला पुन्हा गाडी दाखवली की त्याचं तोंडच उतरतं. अभयारण्यात कुत्रा न्यायचाच नसतो, त्यामुळं कोयना किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या वाटा आमच्या यादीत नाहीत. कासही नाही. फुलांच्या पठारावर माणसांचीच पावलं जपून पडायला हवीत, तिथं चार पायांची भर कशाला?

हे मी सोलापूरकर म्हणून जास्त जोरानं म्हणते. आमच्या नान्नजला 1979 पासून माळढोक अभयारण्य आहे. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, धाविक, टिटवी, चंडोल सगळे जमिनीवरच घरटी करतात. मोकाट कुत्र्यांमुळं त्यांचं किती नुकसान होतं, हे या भागात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यात तिथं काळवीट. कारवानीच्या नजरेला काळवीट पडलं की हाक ऐकू येत नाही. म्हणून नान्नजच्या माळावर हरणीला मी कधीही नेलेलं नाही, आणि डोंगरातल्या पठारावरही तिचा पट्टा माझ्या हातातच असतो. दहा मीटरची लांब दोरी घेतली आहे, तिच्यात ती मनसोक्त हुंगते.

महाबळेश्वरचे पॉइंट आम्ही माकडांमुळं सोडले. पाचगणीच्या टेबल लँडवर घोडे असतात. ते यायच्या आधी, उजाडताच जाऊन आलं तर ठीक, पण जांभ्याचा खडबडीत दगड पंजांना लागतो. भिलारचा विचार केला होता. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं, माझ्या लेकीला तिथं जायचंच होतं. पण पावसाळा संपताना त्या भागात स्ट्रॉबेरीची नवी लागण असते आणि फवारणी चालू असते. गवत चाटायची सवय असलेल्या कुत्र्याला घेऊन तिथं राहायला माझं मन होईना. मग डोंगराखाली, धोम धरणाच्या बाजूला शोधायला लागले आणि काकू सापडल्या.

फोनवर मी एक प्रश्न हमखास विचारते, आणि तो ऐकून बरेच जण गोंधळतात. ‘उंदराचं औषध कुठं ठेवलंय का?’ शेतघर म्हटलं की धान्य आलं, धान्य आलं की उंदीर आणि उंदीर म्हटले की औषध. सोलापुरात आमच्या ओळखीतलं एक कुत्रं अशानंच गेलं. काकू म्हणाल्या, ‘आहे, पोटमाळ्यावर. तुम्ही यायच्या आत काढून ठेवते.’ कुंपण कसं आहे, खोली खालच्या मजल्यावर आहे का, फरशी कोबा की टाइल्स, गुरांचा डॉक्टर किती लांब, त्यांचं स्वतःचं कुत्रं आहे का आणि त्याला रेबीजची लस दिली आहे का, तेही विचारून घेतलं. खोलीत तिला एकटी ठेवून जेवायला जाता येईल का हे मी विचारायच्या आतच काकूंनी सांगितलं, की जेवण ओसरीवर असतं, तीही तिथंच बसेल.

निघायच्या आधी तिचं लसीचं पुस्तक पर्समध्ये टाकलं. यंदाची रेबीजची लस देऊन झाली आहे ना ते बघितलं. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची लससुद्धा पावसाळ्यानंतरच्या प्रवासाला हवीच, कारण साचलेल्या पाण्यातून तो आजार येतो. गोचिडाचं औषध आठवडाभर आधी दिलं.

पहाटे चारला गाडी काढली. मोहोळ, पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी करत सातारा, तिथून वाई. रेल्वेनं कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्यापेक्षा आमची जुनी गाडी बरी. निघताना तिला पोटभर खायला घालत नाही, दर दोन तासांनी उतरवून पाणी देतो. म्हसवडच्या पुढं मेंढरांचा एक मोठा कळप रस्ता ओलांडत होता. गाडी थांबली, हरणी खिडकीतून बघत थरथरत होती. कळपामागचे म्हातारे धनगरबाबा काचेजवळ आले. ‘कारवानी हाय नव्हं? मंगळवेढ्याची का जतची?’ मी मंगळवेढा म्हटलं तसा त्यांनी आत हात घालून तिच्या कपाळावर ठेवला. ती एकदम शांत झाली. अनोळखी माणसाकडून ती कधी हात लावून घेत नाही.

शेतघरी पोचलो तेव्हा काकू फाटकाबाहेर, रस्त्यावरच उभ्या होत्या, सोबत त्यांचा म्हातारा राजा, तोंड पांढरं झालेला. मला इतकं बरं वाटलं! दोन कुत्र्यांची पहिली भेट एकाच्या अंगणात कधी घडवू नये. घरच्या कुत्र्याला ती आपल्या हद्दीत घुसखोरी वाटते. रस्त्यावर दोघांना एका दिशेनं, थोडं अंतर ठेवून चालवायचं. काकूंना हे कुणी शिकवलं नव्हतं, जनावरं सांभाळून कळलेलं होतं. पन्नास-साठ पावलं बरोबर चालल्यावर राजानं हरणीचा वास घेतला, शेपूट हलवली आणि पुढं होऊन स्वतःच फाटकातून आत शिरला. मागोमाग ही.

खोली साधी, खाली कोबा. कोब्यावर हरणीचे पाय सरकले नाहीत हे बघून मी मोठा श्वास घेतला. कोपऱ्यात तिची चादर अंथरली. आमच्या ह्यांचं चादरींचं दुकान आहे, तरी तिची चादर मात्र जुनीच, विटकरी रंगाची, मोरांची नक्षी असलेली, धुऊन धुऊन मऊ पडलेली. कारवानीच्या अंगावर चरबी नसते, कोपराची हाडं थेट जमिनीला टेकतात आणि तिथं घट्टे पडतात. सोलापुरी चादर चार पदरी केली की त्या हाडांना पुरते. शिवाय वास घरचा. नव्या खोलीत ती आधी चादरीवर तीनदा गोल फिरते, पंजानं एक कोपरा गोळा करते, त्यावर हनुवटी ठेवते आणि नाकातून एक लांब सुस्कारा सोडते. तो सुस्कारा आला की समजायचं, जागा पसंत पडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेणवलीतून निघणारी पांडवगडाची वाट धरली. आदल्या दोन दिवशी धरणाच्या कडेकडेनं चाललो होतो, उजाडताना पाण्यावर धुकं, आणि मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागं थोडा वेळ बसलो होतो. हरणीला देवळाकडे नेलं नाही. आळीपाळीनं एकेक जण जाऊन ती मोठी घंटा बघून आला, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिथून आलेली. पांडवगडाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सोनकी. पिवळ्या फुलांमधून हरणीची फक्त पाठ आणि वर वळलेली शेपटी पुढं जाताना दिसायची. अर्ध्या चढावर ती थांबली आणि पुढचा डावा पाय उचलून माझ्याकडे बघायला लागली. दोन बोटांच्या बेचक्यात कुसळ रुतलं होतं. ह्यांनी तिचं डोकं मांडीवर धरलं, मी चष्मा लावून नखांनी ओढून काढलं. एक थेंब रक्त आलं. तिनं ते चाटलं, माझा हातही चाटला. लेक म्हणाली, ‘आई, परत जाऊ या.’ गड तिथंच आहे. आम्ही वळलो.

संध्याकाळी ओसरीवर काकूंनी ज्वारीची गरम भाकरी कुस्करून ताकात घातली, मीठ न घालता. सोलापूरहून मी कडक भाकरीची चवड नेली होती, हरणीसाठी ती दुधात भिजवते. पण काकूंनी ती आमच्यासाठी घेतली, शेंगाचटणीबरोबर. चटणीत लसूण असतो, कुत्र्याला तो चालत नाही, म्हणून बरणी उंचावर ठेवली. जेवण झाल्यावर कंदिलाएवढ्या उजेडाच्या बल्बखाली मी हरणीचे कान, काखा, बोटांमधल्या सांध्या तपासल्या. एक गोचीड निघाला. राजा शेजारी येऊन आडवा झाला, माझाही बघा म्हणाल्यासारखा. त्याच्या कानांतून चार काढले.

निघायच्या दिवशी मी चादर घडी करून गाडीत ठेवत होते. काकू म्हणाल्या, ‘ती राहू द्या इथंच. पुढच्या वेळी आली की तिला ओळखीची असेल.’ मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी चादर काकूंच्या हातात दिली.

घरी आल्यावर पहिली रात्र हरणी आपल्या कोपऱ्यात गोल गोल फिरत राहिली, काही केल्या बसेना. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानातून विटकरी रंगाचीच, मोरांचीच चादर आणली. मी ती दोनदा धुतली, एक रात्र स्वतः अंगावर घेऊन झोपले, मग तिला दिली. तिनं कोपरा गोळा केला, हनुवटी ठेवली. सुस्कारा यायला तीन दिवस लागले.