इथं नको

"माझ्या वर्गात बोलते हो मी. इथं नको."

आज शिक्षकांच्या इंग्रजी प्रशिक्षणात शेजारच्या बाई एवढंच पुटपुटल्या. प्रशिक्षण देणाऱ्या सुलभकांनी त्यांना उभं करून इंग्रजीतून ओळख सांगायला लावली होती. २२ वर्षं नोकरी झालेल्या बाई. हातातला रुमाल पिळत होत्या. माझ्या दुसरीतली एक मुलगी फ्रॉकचं टोक अगदी असंच पिळते.

जेवणाच्या सुट्टीत मात्र डबा बाजूला ठेवून त्यांनी 'जम्प, क्लॅप, टर्न अराउंड' कृतीसकट करून दाखवलं. "पोरं आधी नुसती ऐकतात, उड्या मारतात. बोलायला लागतात नंतर, आपलं आपण." सकाळच्या सत्रात पडद्यावर हेच तर होतं, 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' या नावानं!

राज्यात २००० पासून पहिलीला इंग्रजी आहे. आमच्यातल्या बहुतेकांनी एबीसीडी गिरवली ती पाचवीत. व्याकरण पाठ झालं, पण बोलायचं कुणाशी?

मुलांना चुकू द्या, वेळ द्या, असं दिवसभर सांगत होते. पटलंही. पण बाईंना तो वेळ कोण देणार?

उद्या दुसरा दिवस. मी त्यांच्याच शेजारी बसणार आहे.