वर्तुळ आखलं, मिटवायचं राहिलं

तर झालं असं की गेल्या पौर्णिमेला मी माझ्या भाड्याच्या खोलीत पहिल्यांदाच सर्कल कास्ट केलं, म्हणजे विक्कावाले (विक्का हा आजकालच्या विच लोकांचा निसर्गपूजेचा पंथ) विधीच्या आधी स्वतःभोवती जे वर्तुळ आखतात ते, आणि पुढचे तीन दिवस मला धड झोप लागली नाही. भुताबितांमुळे नाही हो. कारण निघालं ते फारच घरगुती होतं, सांगते.

मी इंग्लंडमध्ये ब्रायटनला राहते. इथे टायसन प्लेस नावाची कौन्सिल फ्लॅट्सची उंच इमारत आहे, तिच्यावर डोरीन व्हॅलिएंटेच्या नावाची निळी पाटी आहे, नामवंत माणसं जिथे राहिली तिथे लावतात तसली (१९२२ ते १९९९, पाटी लागली २०१३ च्या जूनमध्ये). आज विक्कामध्ये जे मंत्र म्हणतात, कविता म्हणतात, त्यातलं कितीतरी या बाईंनी लिहिलंय. आणि राहायच्या कुठे, तर साध्या सरकारी फ्लॅटमध्ये! विच म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर जंगलातली झोपडी यायची, ती पाटी बघितली आणि वाटलं अरे मग आपल्या दहा बाय अकराच्या खोलीत का नाही जमणार.

हा प्रकार फार जुना वगैरेही नाही बरं का. इंग्लंडमधला १७३५ चा विचक्राफ्ट कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, त्यानंतर तीन वर्षांनी जेराल्ड गार्डनरने, ज्याला विक्काचा जनक मानतात, आपलं पुस्तक छापलं आणि तिथून हे सगळं उघडपणे पसरलं. गार्डनरच्या पद्धतीत वर्तुळ नऊ फूट व्यासाचं. माझा पलंग भिंतीला लावून, खुर्ची बाहेर काढून, कपड्यांचा स्टँड बाथरूममध्ये कोंबून जागा झाली साडेपाच फूट. सुतळीने मोजलं मी. बसून करायचं ठरवलं, विषय संपला.

जुन्या ग्रंथांतला मांत्रिक वर्तुळात उभा राहायचा तो बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून. विक्कामध्ये उलटंय, आत जी शक्ती जमवायची ती बाहेर सांडू नये म्हणून वर्तुळ, म्हणजे कुंपण कमी आणि पातेलं जास्त. मला हे फार आवडलं.

मग दिशा. पूर्व वारा, दक्षिण अग्नी, पश्चिम पाणी, उत्तर पृथ्वी. इथे माझा घोळ झाला, कारण ब्रायटनचा समुद्र दक्षिणेला आहे. खिडकीतून थेट दिसतो. म्हणजे मी समुद्राकडे तोंड करून अग्नीला हाक मारायची? काही जण सांगतात की तुझ्या आसपास जे आहे त्याप्रमाणे दिशा बदल, पुस्तकाला चिकटून बसू नको. पण मी रत्नागिरीची, आमच्याकडे समुद्र पश्चिमेला, सूर्य तिकडेच पाण्यात बुडतो, त्यामुळे पश्चिम म्हणजे पाणी हे माझ्या हाडात बसलंय. मी पुस्तकाचंच ठेवलं आणि दक्षिणेला मेणबत्ती लावून खिडकीचा पडदा ओढून घेतला. फसवणूकच म्हणा.

आधी खोली झाडून काढली. वाटीभर पाण्यात तीन चिमटी मीठ घालून ते पूर्वेपासून सुरुवात करून गोल शिंपडलं, मग त्याच वाटेने उदबत्ती फिरवली, मग बोटाने हवेत वर्तुळ आखत गेले. खरं तर त्याला काळ्या मुठीचा सुरा लागतो, अथामे म्हणतात, पण माझ्याकडे कांदा चिरायची सुरी होती आणि ती घेऊन अंधारात फिरताना मलाच हसू आलं म्हणून बोट. सगळं घड्याळाच्या काट्याप्रमाणे, प्रदक्षिणेसारखं, हे एक बरं होतं, पायांना सांगावं लागलं नाही. चारी दिशांना या म्हटलं. आणि खरंच सांगते, त्या साडेपाच फुटांत एकदम शांत वाटायला लागलं, आपल्याच खोलीत आपण पाहुणे असल्यासारखं.

आणि तेवढ्यात स्मोक अलार्म.

वर्तुळातून मध्येच बाहेर जायचं असेल तर हवेत दार कापायचं, बाहेर पडायचं, मागे परत लावून घ्यायचं, असा नियम आहे. (मांजर आणि लहान मुलं खुशाल आरपार गेली तरी चालतात म्हणे.) मी दारबीर काही न कापता सरळ उडी मारली, टॉवेलने अलार्मला वारा घातला, घरमालकीण खालून ओरडली, मी सॉरी सॉरी करत मेणबत्त्या विझवल्या, पलंग ओढला आणि झोपले. झोपले कसली.

तीन रात्री नुसती कूस बदलत होते. काहीतरी उघडं राहिलंय, गॅस चालू राहिलाय की काय, तसलं फीलिंग. रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आधी ती चिडली, 'इकडे जादूटोणाविरोधी कायदा झालाय आणि तू तिकडे ही थेरं कर.' तिचं अगदीच चूक नाही, आपल्याकडे चेटकीण ठरवून बायकांना मारलंय लोकांनी, त्या शब्दाची इथल्यासारखी मजा नाही वाटत आपल्याला. मी म्हटलं अगं आई मीठ पाणी उदबत्ती, कोणाच्या वाटेला गेले नाही. मग जरा वेळाने म्हणते, 'चौघांना बोलावलंस आणि तशीच झोपलीस? अगं अक्षता तरी टाकायच्यास.'

हेच. गणपतीची उत्तरपूजा केल्याशिवाय, अक्षता वाहून मूर्ती जरा हलवल्याशिवाय आपल्याकडे कोणी मूर्तीला हात लावतं का? 'पुनरागमनाय च' म्हणतो ना आपण, तसंच विक्कावालेही निरोप घेतात, आनंदाने भेटलो, आनंदाने निघतो, पुन्हा आनंदाने भेटू. मी आखण्याबद्दल ढीगभर वाचलं होतं आणि मिटवण्याची पानं उडवली होती.

मग त्याच रात्री परत बसले. एकेका दिशेला थँक्यू म्हटलं, येताना पूर्वेपासून आलो म्हणून जाताना उत्तरेपासून उलट (काही जण पूर्वेपासूनच करतात, भांडत बसू नका), आणि बोटाने तीच रेघ उलट्या दिशेने गोळा करत आणली, लोकरीचा गुंडा परत गुंडाळावा तशी. उलट्या फेरीला विडरशिन्स म्हणतात, शब्द भारी आहे. मग दोन्ही तळहात जमिनीवर टेकवून बसले, जास्तीचं सगळं जमिनीत जाऊ दे म्हणून, आणि लगेच काहीतरी खायचं असतं, माझ्याकडे चितळेंची बाकरवडी होती. चार खाल्ल्या. सकाळी साडेनऊला जाग आली, ऑफिसला उशीर.

एक सांगायचं राहिलं, उरलेलं मिठाचं पाणी बेसिनमध्ये ओता. मी भक्तिभावाने पुदिन्याच्या कुंडीत ओतलं, पुदिना गेला.