टूथपिक टाकायच्या कुठे?

शनिवारी सकाळी लॉ फर्मच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूचा पहिला राउंड झाला आणि एचआरवाल्या म्हणाल्या संध्याकाळी साडेसातला सेनापती बापट रोडच्या हॉटेलात रिसेप्शन आहे, नक्की या, अगदी इन्फॉर्मल असतं. इन्फॉर्मल कसलं डोंबलाचं, दारातच छातीवर नावाचा बिल्ला आणि यादीत टिकमार्क. दुसरा राउंड रविवारी, म्हणजे हा सरळसरळ कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त पोह्यांच्या जागी पनीर टिक्का.

सीनियर ताईने बजावलं होतं की उपाशी जाऊ नको, म्हणून नळस्टॉपला वडापाव खाऊन गेले. ग्लास डाव्या हातात धर, उजवा कोरडा ठेव, तेही केलं. पण टूथपिकचं कोणीच सांगितलं नव्हतं! वेटर ट्रे पुढे करतो, आपण टिक्का उचलतो, तो गायब, काडी आपल्या हातात. ब्लेझर रूममेटचा, आणि लेडीज ब्लेझरचे खिसे नुसते दाखवायला. चार काड्या मुठीत धरून उभी होते तेवढ्यात फर्मच्या पार्टनर, म्हणजे मालकांपैकी एक, मॅडमनी हात पुढे केला, माझी काड्या इकडून तिकडे करायची धडपड, त्यात दोन त्यांच्या बुटापाशी पडल्या. मॅडमनी बघितलं. बोलल्या काहीच नाहीत.

त्यांच्याभोवती हा घोळका, सगळे एकदम हसणार, सगळ्यांना इन्सॉल्व्हन्सीतच, म्हणजे दिवाळखोरीच्या कायद्यातच, इंटरेस्ट. मग मॅडमनी एकेकाला विचारलं, घरी कोणी वकिलीत आहे का? एकाचे बाबा सीनियर कौन्सेल, एकीचे आजोबा जज. मी म्हटलं, आप्पा बार्शी कोर्टाबाहेर स्टॅम्प व्हेंडर आहेत. जरा शांतता, मग कोणीतरी "ओह, नाइस". मी हळूच सटकले.

गुलाबजामपाशी फर्ममधला एक असोसिएट, म्हणजे ज्युनिअर वकील, एकटाच उभा होता, त्याने हे ऐकलं होतं वाटतं. "शंभरचा स्टॅम्प गेल्यावर काय झालं गं मग?" म्हटलं काय होणार, 2024 च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने बऱ्याच कागदांची स्टॅम्प ड्यूटी 100 वरून 500 रुपये केली आणि शिव्या आप्पांनी खाल्ल्या, जसा काही रेट त्यांनीच वाढवलाय. तो जाम हसला. म्हणाला माझं पहिलं वर्ष निम्मं स्टॅम्प ड्यूटीचे तक्ते करण्यातच गेलं, जमिनीचा रेट राज्याराज्यात वेगळा, शेअर ट्रान्सफरला मात्र 2020 पासून देशभर 0.015 टक्के. मग गाडी 2023 च्या डिसेंबरातल्या सुप्रीम कोर्टाच्या सात जजेसच्या निकालावर आली, की स्टॅम्प नसला म्हणून लवादाचा (भांडण कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचा) करार रद्दबातल होत नाही, ड्यूटी भरून दोष काढता येतो. मी तो मूटसाठी, म्हणजे कॉलेजातल्या खोट्या खटल्याच्या स्पर्धेसाठी, वाचलेला, पण तोंडातून आलं आप्पांचं नेहमीचं, "कमी पडलेल्या रकमेवर महिन्याला 2 टक्के दंड, नंतर रडत येऊ नका." वीसेक मिनिटं गेली असतील. जाताना तो हेही म्हणाला की आज रिसेप्शन म्हणून आठला ऑफिसबाहेर पडलोय, एरवी नाव नको.

रविवारी पॅनेलवर त्याच मॅडम. पहिलाच प्रश्न, बिनस्टॅम्पचा करार कोर्टात पुढे केला तर? तो दादा त्यांच्याशी बोलला होता की योगायोग, देव जाणे. उत्तर बरं गेलं.

निकाल अजून यायचाय. आप्पांना फोनवर सगळं सांगितलं, काड्यांसकट, तर सगळं ऐकून घेऊन विचारतात काय, "एवढ्या मोठ्या फर्मला स्टॅम्प विकतो कोण?"