पेटीचं झाकण, नोंद चौथी: खरखर धुळीची नव्हतीच

पेटीच्या झाकणावर स्प्रे गनने मारलेल्या पांढऱ्या रंगातली खरखर गेली! झाकणावरून तळहात फिरवला की कुठेच अडत नाही आणि ट्यूबलाइटची रेघ त्यात सरळ उमटते. मागच्या तिन्ही नोंदींत सगळा दोष धुळीला दिला होता, तो चुकीचा ठरला.

काम कुठवर आलं होतं ते थोडक्यात. झाकण ९ मिमी एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), ८ बाय ६ इंच. पेटीच्या बाजू सागवानी. एमडीएफच्या कडांना चपडा लाखेचे दोन हात, ५०० मिली स्पिरिटला १०० ग्रॅम. लाखेऐवजी पाणी घातलेला डिंक कडांना नको, हे परत सांगावंसं वाटतं: पाण्याने तंतू फुगतात आणि घासलेली कड पुन्हा केसाळ होते. सागवानावर प्रायमरआधी थिनरचा बोळा फिरवून वरचं तेल काढलं. मग एनसी (नायट्रोसेल्युलोज, झटकन सुकणारी) पुट्टीचे दोन पातळ हात, सरफेसर म्हणजे रंगाखालचा प्रायमर, आणि ३२० चा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा कागद; आकडा मोठा तितका बारीक). इथपर्यंत अगदी काच. शेवटचा एनसी रंग मारला की मात्र बारीक रवा भुरभुरल्यासारखं व्हायचं.

उलगडा झाला तो १००० च्या वॉटर पेपरने. साबणाच्या पाण्यात भिजवून बोटभर रुंदीचा एकच पट्टा हलका घासला आणि टॉर्च झाकणाला जवळजवळ टेकवून आडवा धरला. धूळ असती तर दाणे विखुरलेले दिसले असते आणि घासल्यावर मधोमध ठिपका उघडा पडला असता. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पांढऱ्या रंगात लपत नाही. तंतू उठले असते तर खरखर कडांपाशी जास्त असती. इथे दाणा सगळीकडे सारखा, रंगाच्याच रंगाचा, आणि गन जिथून सुरू केली त्या बाजूला दाट. म्हणजे थेंब हवेतच सुकत होते, आणि गनच्या पुढच्या पट्ट्यांचा उडालेला रंग आधीच्या पट्ट्यांवर कोरडा होऊन बसत होता.

परभणीचा मे महिना, दुपारचे ४२ अंश, कोरडा वारा आणि झटकन उडणारं थिनर. वेगळं काय होणार!

मग एमडीएफच्या तुकड्यांवर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. गन ०.८ नोझलची, छोट्या कपाची. अंतर १० इंचांवरून ६ वर आणलं, तेव्हा खरखर निम्मी झाली. गनमधल्या हवेचा दाब ४० पीएसआयवरून २५ वर आणला, आणखी फरक पडला. उरलेली खरखर रिटार्डरने, म्हणजे रंगाचं सुकणं लांबवणाऱ्या द्रावणाने घालवली: १०० मिली रंग, ९० मिली थिनर, १० मिली रिटार्डर. २० मिली घालून पाहिलं तर रंग उभ्या कडेवरून ओघळला आणि दुसऱ्या दिवशीही नख रुतत होतं. तेव्हा १० च्या पुढे जायचं नाही.

लाकडाचा ताव हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं झाकण हाताला चटका देतं, त्यावर पडलेला रंग पसरायच्या आत आवळतो. रात्रभर शहाबादी फरशीवर ठेवून सकाळी साडेसहाला रंगवलं. अर्धा तास आधी अंगणात हलका सडा, म्हणजे धूळ बसते. खोली गार करायला कूलर मात्र लावू नका. ओलसर हवेत एनसीवर पांढुरकी झाक येऊ शकते, शिवाय थिनरची वाफ आणि मोटारीची ठिणगी हे फारच वाईट.

रिटार्डर साध्या हार्डवेअरच्या दुकानात विचारू नका, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतं. आणि बाटलीत भरून मिळणारं सुटं थिनर बंद करा. आधीच्या तिन्ही प्रयत्नांत तेच होतं. दर वेळी वास वेगळा, उडण्याचा वेग वेगळा. सीलबंद डबा महाग पडतो, पण माप एकदा बसलं की बसलं.

अंतिम हात तीन, मध्ये २० मिनिटं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवला आणि शेजारचा पट्टा ओला चमकत असतानाच पुढचा मारला. ओली कड नुसती बघत राहावी अशी दिसते, दाणे एकमेकांत विरघळत जातात.

आता महालक्ष्म्यांसाठी चौरंग. तो ऑइल पेंटने, ब्रशनेच करायचं ठरलं होतं. पण लिहिता लिहिताच सुचलं, पाय न जोडता सुटे रंगवले तर हीच गन चालेल. जोडलेल्या चौरंगाच्या आतल्या कोपऱ्यात हवा उलटी फिरते आणि तिथेच रंग कोरडा पडतो. फक्त कुसांना (पायाचं जे टोक खाचेत बसतं त्याला) आधी टेप गुंडाळायला हवी, रंगावर डिंक धरत नाही. म्हणजे ब्रशचा बेत रद्द. पायांचं सागवान आज १८० च्या कागदाने घासून झालंय.