बॉस्टनची पात्रता वेळ

आजची मॅरेथॉन मी 3 तास 38 मिनिटांत पूर्ण केली. बॉस्टन मॅरेथॉनसाठी 45 ते 49 वयोगटातील स्त्रियांना 3 तास 45 मिनिटांची पात्रता वेळ ठरवून दिलेली आहे आणि आपण तिच्या आत पोहोचलो, हे अजूनही खरे वाटत नाही. पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पोटऱ्या आखडू लागल्या, तेव्हा घड्याळाकडे पाहणे सोडून मी केवळ पावलांची लय सांभाळली.

अर्थात, प्रवेश अजून निश्चित झालेला नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आले की पात्रता वेळेहून जो जितका वेगवान, त्याला तितके प्राधान्य मिळते. 2025 च्या शर्यतीत तर 6 मिनिटे 51 सेकंदांची आघाडी असणाऱ्यांनाच प्रवेश मिळाला होता. माझी आघाडी त्याहून जेमतेम काही सेकंदांनी जास्त आहे (आणि ते सेकंद मी आज किती वेळा मोजले, हे विचारू नये!). 1897 पासून चालत आलेल्या या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश 1972 साली मिळाला, हे आठवले की प्रतीक्षेबद्दलची माझी तक्रार फार लहान वाटते. तूर्त पायांना विश्रांती देणार आहे. त्यानंतर चढांचा सराव, कारण बॉस्टनचा 'हार्टब्रेक हिल' सुमारे 32 किलोमीटर धावून झाल्यावर समोर येतो.