आमची वाटचाल : बियाण्यापासून कुरणाच्या आखणीपर्यंत

इंदूरच्या छावणीत आमचं दुकान उघडलं ते चाऱ्याच्या बियाण्यांचं. पुढे झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र) आणि तार आली. आता मुख्य काम कुरणाच्या आखणीचं, म्हणजे कुरणाचे तुकडे पाडून ते पाळीपाळीने कसे चारायचे ते ठरवण्याचं. गिऱ्हाईक म्हणजे देपालपूर, सांवेर, महूकडचे दूधवाले आणि काही गोशाळा. मारवेल, अंजन, स्टायलो या चाऱ्यांचं बियाणं कितीही चांगलं दिलं, तरी गुरं वेळेवर बाहेर काढली नाहीत तर दोन-चार वर्षांत तिथे टोकदार कुसळांचं कुसळी गवतच माजतं. नुसतं बियाणं विकून भागेना, ते यामुळे.

आखणीची सुरुवात वजनकाट्यापासून. मीटरभर लांब-रुंद चौकट पाच-सहा जागी टाकायची, आतलं गवत कापून, वाळवून तोलायचं. सरासरी १५० ग्रॅम भरलं तर हेक्टरी १५०० किलो. त्यातलं निम्मंच जनावरांचं. बाकीचं मुळांना आणि मातीला. ४०० किलोची गाय रोज सुमारे १० किलो सुका चारा खाते. २० गायींना तीन दिवसांचे ६०० किलो, म्हणजे साधारण दोन एकरांचा तुकडा. पावसाळ्यात प्रत्येक तुकड्याला २७ दिवस विसावा द्यायचा तर असे दहा तुकडे लागतात. दिवाळीनंतर वाढ थांबते आणि हा हिशेब मोडतो. त्यासाठी दोन-तीन तुकडे चरायला न देता फुलोऱ्यावर येताच कापून वाळवायचे. उशिरा कापलेलं गवत म्हणजे नुसत्या काड्या.

तीनच दिवस का? चरलेल्या ठोंबाला चौथ्या-पाचव्या दिवशी कोवळा फुटवा येतो आणि गाय आधी तोच शोधते. साठवलेलं अन्न खर्चून आलेली पाती पुन्हा खुडली की मूळ खंगतं. मारवेल वीतभर झाल्यावर गुरं आत, चार बोटं उरल्यावर बाहेर. आत सोडायची घाई सगळ्यांनाच असते, बाहेर काढायची कुणालाच नाही! कुसळीचं उलट: तिला कुसळं धरण्याआधीच चारून घ्यायचं, नाहीतर ती तोंडात आणि कातडीत रुततात.

माळव्याची काळी माती ओली असताना खुरांनी दबते आणि वाळली की विटेसारखी होते. टाच दोन इंच रुतत असेल, त्या दिवशी गुरं गोठ्यातच.

झटका मशीनच्या तक्रारी बहुतेक अर्थिंगच्या, म्हणजे मशीनला जोडून जमिनीत ठोकलेल्या सळईच्या निघतात. मे महिन्यात काळी माती भेगाळते, सळईभोवती पोकळी होते, मशीन टकटक करतं पण गाईला झटका बसत नाही. जस्त चढवलेल्या तीन सळया दहा-दहा फुटांवर, शक्यतो हौदाच्या ओलीजवळ ठोकाव्यात. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला ३००० व्होल्टच्या खाली गेलं की आधी तारेला टेकलेलं गवत कापा. घरची वीज थेट तारेत सोडणाऱ्याला आम्ही मालच देत नाही.

पाणी प्रत्येक तुकड्यापासून २००-२५० मीटरांत हवं. लांब असेल तर हौदाजवळचं गवत खरवडलं जातं आणि पलीकडचं तसंच निबर होतं.

ज्वारीच्या खोडव्यात (कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या पिकात) गुरं सोडणाऱ्यांना एकच सांगणं: पाण्याच्या ताणातल्या कोवळ्या फुटव्याने किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, जनावर तासाभरातही दगावतं. फुलोऱ्याआधी त्यात शिरू देऊ नका.

आखणीसाठी शेत पाहायला आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. तेव्हा गवतं फुलोऱ्यावर असतात आणि कुठलं किती आहे ते बांधावरूनही ओळखता येतं.